एकपानी नियमांचे गाव

सीसाइड हे फ्लोरिडा राज्याच्या वायव्य भागात, मेक्सिकोच्या आखातावर 1981पासून वसत गेलेले गाव आहे. एकूण जमीन 80 एकर. कोकणातल्या एखाद्या बड्या बागायतदाराची हापूसची कलमे एवढ्या जागेत असतात. तेवढ्यातच तीनशेहून अधिक घरे, एक चौक, टपाल कचेरी, शाळा, प्रार्थनामंदिर, पुस्तकांचे दुकान, वाणसामानाचे दुकान आणि खाण्यापिण्याच्या जागा बसवल्या आहेत. गावाच्या कुठल्याही टोकापासून चौकात किंवा समुद्रावर चालत जायला पाच मिनिटे लागतात. लहान मूल बरोबर असेल तर दहा. अमेरिकेत हे इतके दुर्मीळ आहे की ते पाहायला देशोदेशीचे नगररचनाकार येतात. येतात अर्थात मोटारीनेच, कारण दुसरा मार्ग नाही.

अमेरिकेत चालण्याबद्दल मराठी घरांत दोन समजुती असतात. तिथले फूटपाथ ऐसपैस आणि मोकळे असतात ही एक, आणि तिथे कोणी चालतच नाही ही दुसरी. पहिली चूक आहे. दुसरी बरीचशी खरी असली तरी तिचे कारण आळस नव्हे, कायदा आहे. घरे एका पट्ट्यात, दुकाने दुसऱ्या, कचेऱ्या तिसऱ्या, अशी विभागणी तिथल्या शहरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू केली आणि 1926 साली सर्वोच्च न्यायालयाने यूक्लिड गावाच्या खटल्यात ती वैध ठरवली. मूळ हेतू कारखान्याचा धूर घरापासून दूर ठेवण्याचा होता. पुढे धुराबरोबर किराणाही दूर गेला. आज सर्वसाधारण उपनगरात दुधाची पिशवी आणायची तर किल्ली शोधावी लागते. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आई-वडील पंधरवड्यात कंटाळतात ते यामुळेच. मुलगा आणि सून कामावर, गाडी चालवता येत नाही, आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेने एकटे निघाले तर एखादी मोटार हळू होऊन सगळे ठीक आहे ना, म्हणून विचारते.

अटलांटाची मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या जोडसुट्ट्यांत या किनाऱ्यावर येतात. पाच-सहा तासांचा रस्ता, आणि वाटेत घड्याळ एक तास मागे करावे लागते. अशाच एका कुटुंबातले रत्नागिरीकडचे निवृत्त गृहस्थ पहिल्याच सकाळी घरात कोणाला न सांगता बाहेर पडले, चौकातल्या मोडिका मार्केटमधून पाव घेतला, टपाल कचेरीची ती एवढीशी पांढरी इमारत चारी बाजूंनी न्याहाळली, दोन परक्या माणसांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि चहाच्या वेळेला परत आले. घरात तोवर शोधाशोध सुरू झाली होती. त्यांचे म्हणणे एवढेच, की यात नवीन काय आहे, गावात असेच तर असते. एका वाक्यात त्यांनी अमेरिकेच्या चाळीस वर्षांच्या नगररचनेची वासलात लावली. ते बरोबर होते, आणि पूर्ण बरोबर नव्हते.

सीसाइडची जमीन 1946 साली जे. एस. स्मोलियन या अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्याने घेतली. दुकानातल्या नोकरांसाठी सुट्टीची वसाहत काढायचा त्यांचा विचार होता. तो कागदावरच राहिला. घरच्यांच्या मते ती वाळू म्हणजे म्हाताऱ्याचा छंद. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती नातवाकडे, रॉबर्ट डेव्हिसकडे आली. मायामीत बांधकाम व्यवसाय करणाऱ्या डेव्हिसने पत्नी डॅरिलला घेऊन, उघड्या टपाच्या लाल पॉन्टियॅक गाडीतून दक्षिणेतली जुनी गावे पालथी घातली. आन्द्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क हे वास्तुरचनाकार दांपत्य या पाहणीत त्यांच्याबरोबर होते. जमिनीपासून उचललेले लाकडी घर, पत्र्याचे उतरते छप्पर, पुढे खोल पडवी, आरपार वारा. वातानुकूलन येण्यापूर्वी लोक उकाड्यात कसे राहत, याची ती पाहणी होती.

त्यातून निघाली ती सीसाइडची नियमावली. ती एका मोठ्या पानावर, चित्रांसह मावते. आणि ती अमलात आली ती एका योगायोगाने: त्या वेळी वॉल्टन कौंटीला जमीन-वापराचे नियमच नव्हते. शेजारच्या एखाद्या काटेकोर कौंटीत हेच गाव बेकायदा ठरले असते.

घर कसे दिसावे यापेक्षा घर आणि रस्ता एकमेकांना कुठे भेटतात, यावर त्या पानाचा भर आहे. पुढे पडवी हवीच, आणि ती रस्त्याच्या इतकी जवळ की जाणाऱ्याशी आवाज न चढवता बोलता यावे. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या लाकडी पट्ट्यांचे कुंपण हवेच, पण त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणासारखे नको. त्यामुळे एका रांगेत टोकदार पट्ट्या, पुढे चौकटीच्या, पुढे गोल डोक्याच्या, असे चालत जाताना बघत जावे लागते. कुंपणावर घराचे नाव, मालकाचे नाव आणि त्याचे मूळ गाव असलेली पाटी असते. हिरवळ लावायला बंदी. मूळची खुरटी ओक आणि झुडपे ठेवायची. घरावर लहान पायाचा मनोरा हवा तर उंच न्या, म्हणजे मागच्या रांगेलाही समुद्राचा तुकडा दिसतो. रस्ते विटांचे आणि अरुंद, त्यामुळे गाड्या आपोआप दबकत चालतात. घरांच्या पाठीमागून दोन माणसे जेमतेम जातील अशा वाळूच्या पाऊलवाटा काढल्या. ही सूचना लक्झेंबर्गचे वास्तुविचारक लेऑन क्रियर यांची. मुले त्यांवरून अनवाणी समुद्रावर पोचतात आणि मोठी माणसे हमखास चुकतात.

हे वाचताना कोकणी माणसाला गंमत वाटेल, मग थोडा राग येईल. दापोलीजवळचे मुरुड, महर्षी कर्व्यांचे गाव, एका सरळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसले आहे. मागे नारळ-पोफळीच्या वाड्या, त्यापलीकडे पुळण. गुहागर, केळशी, दिवेआगर थोड्याफार फरकाने तसेच. घरापुढे खळे, मग पडवी, मग ओटी. कडेला छातीपेक्षा कमी उंचीचा जांभ्या दगडाचा गडगा आणि बांबूचे बेडे. गडग्यावरून वाटी जाते, निरोप जातो, भांडणही जाते. समुद्राकडे न्यायला पाखाड्या. हे सगळे कुणा दुआनीने काढलेले नाही, आणि कुठल्याही पानावर लिहिलेले नाही. घोटाळा तिथेच आहे. लिहिलेले नव्हते, त्यामुळे मोडताना कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

मोडले जाते आहे ते असे. मुंबईत फ्लॅट असलेला मुलगा घर नव्याने बांधतो आणि पहिले काम म्हणून गडगा काढून डोक्याच्या वर जाणारी भिंत आणि लोखंडी फाटक घालतो. पडवी आत घेऊन तिची खोली होते, खोलीला एसी लागतो, खळ्यात पेव्हर ब्लॉक बसतात आणि त्यावर पाहुण्यांच्या गाड्या लागतात. गाड्यांचे त्यापुढचे पाऊल थेट वाळूत. सुट्टीच्या दिवशी भरतीच्या तोंडाशी रुतलेली गाडी, ती ओढणारा ट्रॅक्टर आणि तो प्रसंग मोबाइलवर टिपणारी गर्दी हा आता अलिबागपासून गुहागरपर्यंतचा नेहमीचा देखावा आहे. सीसाइडमध्ये फूटभर कुंपणासाठी समितीपुढे नकाशा न्यावा लागतो, हे सांगितले तर गावातले लोक हसतील. शहरात तर तळमजला पूर्णच गाड्यांना देऊन माणसे पहिल्या मजल्यापासून राहू लागतात. महाराष्ट्राच्या 2020च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत किती घरांमागे किती गाड्यांची जागा हवी, याचे कोष्टक सक्तीचे आहे. ओटीची सक्ती कुठेच नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. सीसाइडच्या पडव्या सुंदर आहेत, पण जुलैच्या दुपारी त्यांत कोणी नसते. वाऱ्यासाठी बांधलेल्या घरांच्या मागे वातानुकूलन यंत्रे गुरगुरत असतात आणि खिडक्या बंद असतात. संध्याकाळी मात्र माणसे खरेच बाहेर बसतात, आणि अनोळखी माणूसही कुंपणापाशी थांबतो.

समुद्राच्या बाबतीत डेव्हिसने केलेली गोष्ट सर्वांत शहाणपणाची आणि धंद्याच्या दृष्टीने सर्वांत वेडगळ होती. शेजारच्या पनामा सिटी बीचवर पाण्याला खेटून उंच इमारती उभ्या होत असताना त्याने घरे वाळूच्या उंचवट्यामागे ठेवली आणि उंचवट्यावर प्रत्येक रस्त्याच्या शेवटी एकेक मंडप बांधला. पहिला टुपेलो रस्त्याचा, एर्नेस्तो बुख यांचा. पुढचे वेगवेगळ्या रचनाकारांचे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या घरालाही मंडपातून समुद्र आपला वाटतो, त्यामुळे मागच्या भूखंडांना भाव आला. ऑक्टोबर 1995मध्ये ओपल चक्रीवादळ आले तेव्हा या किनाऱ्यावर मोठी हानी झाली. सीसाइडचे मात्र किनाऱ्यावर उतरायचे जिने गेले आणि घरे जवळपास शाबूत राहिली. उंचवटा धरून ठेवणारे सी ओट्स नावाचे गवत फ्लोरिडात तोडणे गुन्हा आहे. भारतात याच कामासाठी 1991पासून किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. पण 2019च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरची 200 मीटरची बंदी 50 मीटरवर आणली, आणि उरलेल्या 50 मीटरांत काय चालते ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

एका बाबतीत मात्र कोकण आणि गोवा फ्लोरिडाच्या पुष्कळ पुढे आहेत. फ्लोरिडात सरासरी भरतीरेषेखालची ओली वाळू जनतेची; तिच्या वरची कोरडी वाळू खाजगी मालकीची असू शकते. वॉल्टन कौंटीत ती बऱ्याच ठिकाणी आहे. मालक पाट्या लावतात आणि परकी छत्री दिसली की पोलिसांना बोलावतात. लोकांच्या जुन्या वहिवाटीचा हक्क कौंटीने मान्य करू पाहिला, तेव्हा 2018 साली राज्याने कायदा करून ती वाट अवघड केली. बरीच भांडणे आणि खटले झाल्यावर तो कायदा 2025मध्ये रद्द झाला. जिथे चालत समुद्रावर जाता येते, तिथे पोचल्यावर बसायचे कुठे हा प्रश्न पडावा, हे गुहागरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. रिसॉर्टचा रखवालदार तिकडेही हटकतो, पण त्याच्या पाठीशी सातबारा नसतो.

गाव वाढले ते सावकाश. सुरुवातीला टुपेलो रस्त्यावर दोन घरे, आणि डॅरिल डेव्हिसने मांडलेला शनिवारचा भाजीबाजार. त्या बाजाराचे पुढे दुकान झाले. 1986मध्ये बड अँड अ‍ॅलीज हे उपाहारगृह निघाले. 1996मध्ये शाळा आली, 2001मध्ये प्रार्थनामंदिर. 1998च्या ‘द ट्रुमन शो’ या चित्रपटाने गाव जगाला दाखवले, आणि तेही खोट्या गावाच्या भूमिकेत. ती थट्टा गावाला अजून चिकटलेली आहे. सुरुवातीला पंधरा हजार डॉलरच्या आसपास मिळणारा भूखंड आता कुठे मिळतच नाही, आणि घराची किंमत काही दशलक्ष डॉलर सांगतात. त्यामुळे कायमची वस्ती थोडी आणि बहुतेक घरे आठवड्याच्या भाड्यावर. पाटीवर मूळ गाव अटलांटा किंवा नॅशव्हिल असते, आत तिसऱ्याच गावचे पाहुणे. चादरी बदलणारी, भांडी घासणारी, पाव भाजणारी माणसे उत्तरेकडून, फ्रीपोर्ट आणि डीफ्युनियाक स्प्रिंग्सच्या बाजूने रोज मोटारीने येतात. उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थीही कामाला असतात. पाच मिनिटांत चालण्याजोग्या या गावात काम करणाऱ्याला राहणे परवडत नाही. गोव्यात कळंगुटला हेच घडले आहे, तिथे नियमावली नसतानाही.

सीसाइडच्या यशाची सर्वांत मोठी शिक्षा त्याच्या दारातून जाणाऱ्या 30-ए या दुपदरी रस्त्याला झाली. दुआनी आणि प्लेटर-झायबर्क यांनीच 1995पासून पूर्वेला रोझमेरी बीच आखले, नंतर पांढऱ्याशुभ्र भिंतींचे अ‍ॅलिस बीच; शेजारी वॉटरकलर उभे राहिले. प्रत्येक गाव आत चालायला उत्तम, आणि एकातून दुसऱ्यात जायचे तर उन्हाळ्यात गाड्यांची रांग. टिंपूची ट्रेल हा सायकलमार्ग रस्त्याला समांतर जातो आणि गर्दीच्या दिवशी त्यावरचा माणूस गाडीवाल्याच्या पुढे असतो. बस नावाची गोष्ट मात्र जवळजवळ नाहीच. एसटीच्या भरवशावर वाढलेल्या माणसाला ही उणीव पहिल्याच दिवशी जाणवते: इतका विचार करून गावे आखली, आणि गावांना जोडणाऱ्या लाल डब्याचा विचार कुणी केला नाही.

याच विचाराचे गाव 2004पासून देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिकच्या काठावर वाढते आहे. त्याचे नाव सीब्रुक. तिथे पाणी थंडगार आणि पाऊस भरपूर, त्यामुळे पडव्या ऊन टाळायला नव्हे, पावसात बसायला आहेत. कोकणातल्या एखाद्या ग्रामपंचायतीला अभ्यासदौरा काढायचाच असेल, तर फ्लोरिडापेक्षा ते गाव जवळचे वाटेल. भाडे तिथेही परवडणार नाही.