मोटार उचलावी जॅकने, तोलावी लाकडाने

रविवारची सकाळ उजाडली की वाळूजच्या बजाजनगरात गल्लोगल्ली एक दृश्य हमखास दिसते. घरापुढच्या अरुंद जागेत मोटारीचे एक चाक अधांतरी आहे, स्टेपनी बाजूला टेकवलेली आहे आणि गाडीखालून कोणाचे तरी दोन पाय बाहेर आलेले आहेत. आठवडाभर कारखान्यात यंत्रांशी झुंजणाऱ्या माणसाला घरच्या गाडीचे ऑइल बदलण्यासाठी किंवा खालून येणारा खडखडाट शोधण्यासाठी गॅरेजची पायरी चढावीशी वाटत नाही. त्याच्या हातात कसब असते, पेटीत पाने असतात. नसते ते एकच, गाडीचा भार विश्वासाने पेलणारे काही तरी. मग जॅकच्या जोडीला दोन विटा, एखादा काळा दगड किंवा बांधकामावरून आणलेला सिमेंटचा ठोकळा सरकवला जातो आणि माणूस खाली शिरतो.

बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची दाट वस्ती उभी राहिली. पुण्याच्या रस्त्यालगतच्या या वसाहतीत दुचाकी आणि रिक्षा घडतात. रिक्षाचे काम करणाऱ्या मिस्त्रीला जॅकची फारशी गरजच पडत नाही. तो गाडी एका अंगावर कलती करतो, खाली टेकू देतो आणि कामाला लागतो. ही सवय मोटारीच्या बाबतीत मात्र घातक ठरते. लहानशा मोटारीचे वजनही आठ-नऊशे किलोंच्या घरात असते आणि ती कलती होते तेव्हा कोणाची परवानगी घेत नाही.

मुळात जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. गाडीसोबत मिळणारा कात्रीसारखा जॅक एका अरुंद पायावर उभा असतो. गाडी बोटभर पुढे-मागे सरकली तरी तो आडवा होतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या बाटली जॅकमध्ये सारा भार आतल्या सीलवर येऊन ठरतो. ते झिजले की दट्ट्या हळूहळू खाली येतो, आणि फाटले तर एकदम. म्हणून गाडी उचलून झाल्यावर तिचा भार दुसऱ्या, न हलणाऱ्या आधारावर उतरवायचा, हा जगभरच्या गॅरेजांचा नियम आहे. हा आधार बहुधा लोखंडी तिपाईसारखा किंवा चौपाईसारखा स्टँड असतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला घोडी म्हणतात.

चांगली लोखंडी घोडी मिळत असेल तर ती घ्यावीच. पण लोखंड म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. अमेरिकेतील हार्बर फ्रेट टूल्स या कंपनीला मार्च २०२० मध्ये तीन आणि सहा टन क्षमतेच्या घोड्या मोठ्या संख्येने बाजारातून परत मागवाव्या लागल्या. उंची पक्की करणारा खटका दात्यांत नीट बसत नसल्याने भाराखाली त्या अचानक खाली येऊ शकत होत्या. त्याच वर्षी जुलैत, बदली म्हणून दिलेल्या घोड्यांपैकी काहींतही जोडकामाचा दोष आढळला आणि त्याही परत घेण्यात आल्या. तेव्हापासून तिकडच्या घरगुती कारागिरांचे लक्ष पुन्हा एका जुन्या साधनाकडे वळले. ते साधन म्हणजे आडव्या-उभ्या रचलेल्या लाकडी ठोकळ्यांची थप्पी.

आपल्याकडे ही कल्पना मुळीच नवी नाही. बैलगाडीचे चाक काढून वंगण घालताना कण्याखाली लाकडाचाच टेकू दिला जात असे आणि चढावर थांबलेल्या गाडीच्या चाकामागे उटी लावली जाई. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातील भूमिगत कोळसा खाणींत छत तोलण्यासाठी लाकडी ओंडक्यांचे चौकोनी मनोरे रचले जात. रुळांवरून घसरलेला डबा उचलताना रेल्वेचे कामगार जॅकखाली आणि डब्याखाली स्लीपरची थप्पी लावत जातात. कोसळलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यात स्लॅब इंचाइंचाने उचलणारी बचाव पथके आजही हेच करतात. टनावारी भार जिथे माणसाच्या अंगावर टांगलेला असतो, तिथे लाकडावर भरवसा ठेवला जातो, त्यामागे कारण आहे.

लाकूड एकाएकी दगा देत नाही. भार सोसेनासा झाला की ते आधी दबते, करकरते, त्याचे तंतू चिरडले जाताना आवाज होतो. सावध माणसाला बाहेर पडायला उसंत मिळते. वीट आणि सिमेंटचा पोकळ ठोकळा यांचा स्वभाव नेमका उलटा. भिंतीत ते पसरलेला भार उत्तम सोसतात. पण गाडीच्या पट्टीची धार एका जागी रुतली की क्षणात दुभंगतात, आणि तडा जाण्याआधी काहीही कळवत नाहीत. वाळूजच्या अंगणांत विटा मुबलक दिसतात म्हणून हे पुन्हा सांगावेसे वाटते. विटेवर मोटार टेकवून खाली जाणे हा जुगार आहे, मग ती वीट भाजलेली असो की राखेची.

लाकडाला किती भार पेलतो, याचे उत्तर बहुतेकांना चकित करते. चार इंची चौकोनी लाकडाचे दोन तुकडे उभे, त्यावर दोन आडवे अशा साध्या थप्पीला अमेरिकेतील बचाव पथके सुमारे ११ टनांची क्षमता धरतात. नऊशे किलोंच्या मोटारीचा पुढचा भाग उचलला, तर इंजिनमुळे साधारण साठ टक्के वजन पुढे येते. ते दोन आधारांत वाटले की प्रत्येकावर पावणेतीनशे किलोंच्या आसपास भार पडतो. म्हणजे लाकूड चिरडले जाण्याची भीती जवळजवळ नाही. भीती आहे ती थप्पी कलंडण्याची, सरकण्याची आणि खालची जमीन खचण्याची. घरी थप्पी बनवताना सारी काळजी घ्यायची ती याच तिन्हींची.

काम ऑइल बदलण्याचे किंवा खालून तपासणीचे असेल आणि चाक काढायचे नसेल, तर सर्वांत सुरक्षित आधार चाकाखालीच द्यावा. गाडी आपल्या टायरवर, आपल्या सस्पेन्शनवर बसलेली राहते. पत्रा दबत नाही, काही निसटत नाही. यासाठी वखारीतून चार बाय दोन इंचाच्या, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड फळ्या घ्याव्यात आणि त्यांचे ४० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. तळाशी चार तुकडे एकमेकांना लगटून ठेवले की ४० सेंटिमीटरचा चौरस होतो. त्यावर आडवे तीन तुकडे, मध्ये पाच-पाच सेंटिमीटर फट ठेवून. आणि वर पुन्हा तळासारखेच चार. पंधरा सेंटिमीटर उंचीचा हा ठोकळा पुरेसा आहे. आपल्याकडच्या मोटारी जमिनीपासून सोळा-अठरा सेंटिमीटर उंच असतातच. दोन्ही मिळून उताणे पडून हात चालवण्याइतकी जागा मिळते. अशा दोन ठोकळ्यांना सारे मिळून पावणेदोन घनफुटांच्या आसपास लाकूड लागते. एकेकाचे वजन, लाकूड पाइनचे असल्यास, बारा-तेरा किलो भरते.

थर नुसते रचून भागत नाही. तुकडे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे प्रत्येक ठिकाणी दोन स्क्रू तिरक्या कोपऱ्यांत बसवावेत. पाच सेंटिमीटरच्या फळीला आठ सेंटिमीटरचा स्क्रू हवा, म्हणजे तो खालच्या फळीत तीन सेंटिमीटर तरी उतरतो. आधी ड्रिलने बारीक भोक पाडले नाही तर फळी तंतूंच्या रेषेत चिरते, आणि ही चीर भाराखाली वाढत जाते. खिळे ठोकण्याचा मोह टाळावा. पुन्हा पुन्हा भार चढला-उतरला की ते सैल होतात. शेवटी चाकाच्या पुढे आणि मागे, म्हणजे ठोकळ्याच्या दोन कडांना, अडीच सेंटिमीटर जाडीची एकेक पट्टी आडवी लावावी. याहून जाड पट्टी लावली तर गोल टायर मधल्या फळ्यांवर न बसता पट्ट्यांच्या कडांवरच टेकतो.

चाक काढायचेच असेल तर आधार गाडीच्या अंगाखाली द्यावा लागतो, आणि इथे खरी जोखीम सुरू होते. यासाठी १० सेंटिमीटर चौकोनी, ५० सेंटिमीटर लांबीचे ओंडके लागतात. दोन उभे, दोन आडवे असे रचताना प्रत्येक ओंडक्याचे टोक छेदाच्या बाहेर १० सेंटिमीटर राहू द्यावे, कारण लाकडाची चीर टोकाकडून सुरू होते; बाहेर राहिलेले टोक ती चीर भाराच्या जागेपर्यंत पोहोचू देत नाही. अर्थात यामुळे थप्पीचा खरा पाया ५० नव्हे, तर ३० सेंटिमीटरचा उरतो. घरच्या कामासाठी थप्पीची उंची या पायाइतकीच ठेवावी. बचाव पथके याहून उंच जातात. पण त्यांच्याकडे प्रशिक्षण असते आणि थप्पीकडे डोळे लावून बसलेला एक माणूस असतो. सर्वांत वरचा थर मात्र फट न ठेवता भरीव असावा.

गाडी नेमकी कुठे टेकवायची, हे प्रत्येक मोटारीच्या माहितीपुस्तिकेत जॅक लावण्याच्या जागा म्हणून चित्रासह दिलेले असते. बहुतेक लहान गाड्यांत ही जागा म्हणजे दारांखालची दुहेरी पत्र्याची उभी पट्टी. ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असल्याने सारा भार सुरीच्या पात्यासारखा लाकडात उतरतो आणि पट्टीही वाकते. म्हणून सर्वांत वर एक स्वतंत्र फळी ठेवून तीत करवतीने खाच पाडावी. पट्टी खाचेत अलगद जाते आणि भार तिच्या दोन्ही बाजूंच्या मजबूत भागावर येतो. ही फळीही खालच्या थराला स्क्रूने बांधावी. इंजिनचा ऑइलचा तवा किंवा पायाखालचा सपाट पत्रा यांवर कधीही आधार देऊ नये.

लाकूड कुठले, हा प्रश्न वाळूजमध्ये वेगळ्याच अंगाने येतो. परदेशी यंत्रसामग्री ज्या पॅलेटवर येते त्या भंगारवाल्यांकडे स्वस्तात मिळतात. त्यांवर एक शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे असे समजावे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. असे लाकूड घरी कापत बसू नये. पॅलेटच्या वरच्या पातळ, खिळ्यांनी चिरलेल्या पट्ट्या या कामाला निरुपयोगी आहेत. जाड ठोकळे आणि आडव्या तुळया तेवढ्या कामाच्या. बाभळीचे लाकूड बळकट, गाडीच्या चाकांसाठी पिढ्यान् पिढ्या वापरलेले. पण ते जड असते आणि नीट वाळलेले नसेल तर तडकते. निलगिरीला चिरण्याची खोड आहे. सागवान उत्तम, परंतु टायरखाली सागवान घालणे जिवावर येते, आणि त्याची गरजही नाही. लाकूड कोणतेही असो, मोठ्या गाठी, ओल आणि वाळवी यांची तपासणी चुकवू नये. मराठवाड्यात जमिनीवर पडून राहिलेल्या लाकडाला वाळवी एका पावसाळ्यात आतून पोखरते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर तो तुकडा चुलीत घालावा.

आता जमिनीविषयी. घरापुढे काँक्रीट असेल तर उत्तम. शहाबादी फरशीखाली पोकळी असल्यास ती जॅकखाली फुटते. नुसती काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी भासते आणि एका सरीनंतर लोण्यासारखी दबते. जॅकचा पाया तळहाताएवढा असतो. थप्पीचा तळ त्याच्या दहापट पसरलेला. तरीही मातीवर काम करण्याची वेळ आली तर जॅक आणि थप्पी दोन्हींखाली जाड, रुंद फळी घालावी. पावसाळ्यात मातीवर हे काम न केलेलेच बरे.

उचलण्याच्या क्रमात एक गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि इंजिनची शक्ती पुढच्या चाकांना जाते. पुढची बाजू उचलली की गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीला त्या गिअरचा काहीच उपयोग राहत नाही. धरून ठेवतो तो हँडब्रेक आणि मागच्या चाकांची उटी. मागची बाजू उचलली की हँडब्रेक निकामी. तेव्हा पहिला गिअर आणि पुढच्या चाकांची उटी यांवर सारे अवलंबून. उटी चाकाच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे लावावी, आणि गोल दगडाऐवजी तिरकी कापलेली लाकडी पाचर वापरावी.

गाडी थप्पीवर उतरली की खाली जाण्याआधी बाजूला उभे राहून तिला दोन्ही हातांनी जोर लावून हलवावे. जे डळमळायचे ते तेव्हाच डळमळू द्यावे. काढलेले चाक दाराखाली आडवे सरकवून ठेवावे आणि जॅक पूर्ण न उतरवता जेमतेम टेकता ठेवावा. थप्पी हलली तर हे दोन आधार काही क्षण मिळवून देतात. घट्ट बसलेला नट सोडवताना पान्याला दिलेला हिसका सबंध गाडीला बसतो, हेही लक्षात असावे. चाकाचे नट म्हणूनच गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात. आणि घरात कोणाला तरी आपण खाली आहोत हे सांगितलेले असावे.

बनवलेल्या ठोकळ्यांना रंग देण्याची हौस अनेकांना असते. बचाव पथके आपले ओंडके बिनरंगाचेच ठेवतात. रंगाखाली चीर झाकली जाते आणि पृष्ठभाग निसरडा होतो. ऑइल सांडून भिजलेला तुकडाही याच कारणाने बाद करावा. ठोकळे भिंतीला टेकवून, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवावेत. दिवाळीच्या सुमारास, पावसाची ओल पुरती सुकल्यावर, स्क्रू पुन्हा आवळावेत, कारण लाकूड आकसले की ते सैल पडलेले असतात.