छातीतली कळ आणि शाळेची पाटी

‘शेतात राबणाऱ्याला कुठला आलाय हृदयविकार!’ असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. हे शहरातल्या, खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांचे दुखणे, अशी आपली समजूत. तिच्यात थोडे तथ्य आहे. पण तेवढ्यावर विसंबून राहणे जिवावर बेतते. हे ज्यांच्या शोधनिबंधांतून कळते, त्या डॉक्टरांची ओळख आज करून देत आहोत.

डॉ. सलीम युसूफ मूळचे केरळातील कोट्टारकरा गावचे. ते डॉक्टर झाले बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात. भारतातील कॅथलिक बिशपांनी १९६३ साली सुरू केलेले हे कॉलेज आपल्याला परके नाही. पुढे ते ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले, १९८४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लागले आणि १९९२ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात आले. त्यांच्या नावावर, सहकाऱ्यांसह लिहिलेले, हजारावर शोधनिबंध आहेत.

आरंभीचे निबंध औषधांविषयी आहेत. झटका आलेल्याला कोणते औषध दिले तर जीव वाचतो, हे हजारो रोग्यांवर पडताळून पाहिलेले. २००४ साली ५२ देशांतील माहिती घेऊन त्यांनी झटक्याची कारणे मांडली. तंबाखू, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळांची उणीव, अंगमेहनतीचा अभाव अशा नऊच गोष्टींत बहुतेक धोका सामावलेला आढळला.

मग अभ्यास खेड्यांकडे वळला. २०१४ साली १७ देशांतील दीड लाखांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. खेड्यांत ही कारणे शहरांपेक्षा कमी निघाली. तरीही हृदयविकार, पक्षाघात यांसारखे गंभीर प्रसंग शहरांत दर हजारी वर्षाला ४.८३, तर खेड्यांत ६.२५ घडत होते; आणि त्यांतून दगावणारेही खेड्यांतच जास्त. म्हणजे मेहनतीने कमावलेले आपण दुसऱ्याच वाटेने गमावतो.

ती वाट कोणती? २००८ साली सेंट जॉन्सच्या डॉक्टरांनी डॉ. युसूफ यांच्यासह भारतातील ८९ इस्पितळांतील सुमारे २१ हजार रोग्यांची नोंद मांडली. दुखणे सुरू झाल्यापासून इस्पितळ गाठेपर्यंत मध्यम हिशेबाने ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास गेले होते. महिन्याच्या आत गरिबांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. उपचारांतील फरक हिशेबात धरला तेव्हा ही तफावत उरली नाही. गरिबाचे हृदय दुबळे नव्हते. त्याला उपचार कमी मिळाले.

२०१९ साली २० देशांचा अभ्यास आला. गरीब देशांत कमी शिकलेल्यांना हे गंभीर आजार जास्त शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक होत होते. पैशाअडक्यापेक्षा शिक्षणाचा संबंध जास्त स्पष्ट दिसला. पाटी-पेन्सिलीने रक्तदाब उतरत नाही, हे खरे. पण दुखणे ओळखणे, वेळेवर दवाखाना गाठणे, चिठ्ठी वाचून गोळ्या घेणे, यांत शिकलेले माणूस उपयोगी पडते.

मग न शिकलेल्यांनी काय करावे? त्याचेही उत्तर त्याच वर्षी आले. कोलंबिया आणि मलेशिया या देशांतील ३० वस्त्यांपैकी काही वस्त्यांत आरोग्यसेवकांनी घरोघर रक्तदाब मोजला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोफत गोळ्या दिल्या आणि प्रत्येक रोग्याला घरातला किंवा मैत्रीतला एक मदतनीस जोडून दिला. तेथे हृदयविकाराचा संभाव्य धोका इतर वस्त्यांपेक्षा बराच अधिक उतरला.

हे आपल्याला करता येईल. छातीवर दडपण, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे जाणे, दरदरून घाम, धाप ही लक्षणे ओळखा. बायकांना आणि मधुमेह्यांना कधी नुसती मळमळ किंवा गळून गेल्यासारखे होते. पित्त आहे, गॅस आहे म्हणून लिंबू-सोडा पीत बसू नका. लावणी उरकू दे, गुरे बांधून होऊ देत, असेही म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा. दुखणेकऱ्याला एकट्याने गाडी हाकत जाऊ देऊ नका. रक्तदाब उतरला म्हणून गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. तंबाखू सोडा. आजीची चिठ्ठी शाळेत जाणाऱ्या नातीला वाचू द्या; गोळ्यांची वेळ तीच सांभाळील. आणि त्या नातीची शाळा सुगीसाठी मोडू नका.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाची नुसती कीव केली नाही. त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत पोहोचवले. आपल्या वाडीत रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल, कोण सोबत जाईल, हे येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर ठरवून ठेवू या. ते सहा तास आपल्यालाच कमी करायचे आहेत.