१०६ भागाकार

डोंबिवलीत गणिताच्या एक निवृत्त बाई रविवारी सकाळी मुलांना जमवून एकेक मोठी संख्या फोडतात, असं कानावर आलं. त्या आठवड्याची संख्या होती १२३४५६७८९८७६५४३२१. डोंबिवली आणि ही संख्या म्हटल्यावर मला राहवलं नाही. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना संख्यांचा हा प्रकार याच स्टेशनावर सुचला. स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेम्लो, म्हणून या डेम्लो संख्या.

सुरुवात गुणाकाराने झाली. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येला तिनेच गुणायचं. फळ्यावर नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३ करत मधल्या घरात ९ वर पोचतात आणि तशाच उतरतात. हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा १ घेतला की मधल्या घरात १० येतात, हातचा शेजारी जातो आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. सगळा डौल एका हातच्याने जातो.

मग मुलांनी १११११११११ फोडायला घेतली. ९ ने भागून १२३४५६७९ उरले, त्याला ३७ ने भागून ३३३६६७. इथे गाडं अडलं. ही मूळ संख्या आहे का? ५७८ चा वर्ग हिच्यापेक्षा मोठा, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं.

“किती होतात त्या?”

“एकशे सहा,” बाई म्हणाल्या. दोघातिघांनी पेन खाली ठेवले.

बाईंनी मग वाट जवळची करून दिली. नऊ वेळा ९ लिहून होणाऱ्या संख्येला ३३३६६७ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे हिचा जो कोणी मूळ अवयव असेल, त्याला १८ ने भागल्यावर बाकी १ च उरायला हवी. १०६ पैकी अशा फक्त १७. मुलं खूश झाली आणि कामाला लागली.

खिडकीशी बसलेली सातवीतली एक मुलगी मात्र म्हणाली, “बाई, मी १०६ करते.” ७ ने भागून बाकी ५. ११ ने ४. १३ ने ९. प्रत्येक बाकीभोवती ती गोल करायची. एका मुलाने मोबाइलवर उत्तर काढून तिला दाखवलं, तिने मान हलवली आणि पुढचा भागाकार मांडला. मी नंतर फळ्याकडे पाहिलंच नाही. हाताने आकडेमोड म्हणजे वेळ घालवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिची वही पाहावी. कापरेकरांनी आयुष्यभर हेच केलं, यंत्राशिवाय.

१७ वाले केव्हाच ५७७ वर पोचले होते. दोन्ही याद्यांत शेवटची संख्या तीच. दुपारी तीही पोचली. बाकी १६१. ३३३६६७ मूळ आहे.

मग तिने फळ्यावर लिहिलं: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. त्यावरून एकूण विभाजक ४५. ४४ जणांच्या २२ जोड्या लागल्या, प्रत्येक जोडीचा गुणाकार पुन्हा तीच सतरा अंकी संख्या. एकटा उरला १११११११११.