तुरळक ठिकाणी म्हणजे नेमके कुठे?

'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता.' एप्रिल-मे महिन्यांत हे वाक्य आपल्या कानावर अनेकदा पडते. आपल्या गावात संध्याकाळपर्यंत थेंबही पडत नाही आणि मग वेधशाळेच्या नावाने नेहमीचे विनोद सुरू होतात. त्याच दिवशी दहा किलोमीटरवरच्या गावात मात्र आंब्याची झाडे आडवी झालेली असतात. मग अंदाज चुकला म्हणायचा की बरोबर आला?

आधी शब्द पाहू. 'तुरळक', 'काही', 'बऱ्याच' हे शब्द भारतीय हवामान विभाग सैलपणे वापरत नाही. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ टक्के असेल तर 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्याहून जास्त असेल तर 'बहुतांश ठिकाणी' असे म्हणतात. मध्य महाराष्ट्र हा विभाग नंदुरबार-जळगावपासून थेट कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज अगदी तंतोतंत खरा ठरला, तरी त्या दिवशी चारपैकी निदान तीन केंद्रे कोरडीच राहणार.

ठीक आहे, पण मग गावाचे नावच का सांगत नाहीत? याचे उत्तर वळवाच्या ढगाच्या स्वभावात आहे.

दुपारी जमीन तापते आणि तिला टेकलेली हवा तापून वर जाऊ लागते. वर हवेचा दाब कमी असल्यामुळे ती प्रसरण पावते आणि किलोमीटरमागे सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. एका उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनू लागतात. बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, त्यामुळे यापुढे ही हवा किलोमीटरमागे पाच-सहा अंशांनीच थंड होते. आजूबाजूची हवा तिच्यापेक्षा गार असेल तर ती फुग्यासारखी वरच जात राहते. बघता बघता बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्याची रुंदी मात्र बहुधा पाच-दहा किलोमीटरच असते.

आता असा ढग नेमका कुठे उभा राहील? ते अगदी किरकोळ गोष्टींवर ठरते. एखादी टेकडी, नांगरलेल्या रानाला लागून असलेला भिजवलेला ऊस, तापमानातला अर्ध्या अंशाचा फरक यांपैकी काहीही पुरते. हे फरक टिपायला आपली निरीक्षण केंद्रे फार विरळ आहेत. शिवाय हा ढग तासाभराचाच पाहुणा! पाऊस पडू लागला की थेंब सोबत हवाही खाली ओढतात; ढगाखालच्या कोरड्या हवेत काही थेंबांची वाफ होते आणि ती हवा आणखी गार होते. पावसाआधी धूळ उडवत येणारा गार वारा तो हाच. तो जमिनीवर पसरला की ढगाला खालून मिळणारी उबदार हवा तुटते आणि ढग विरतो. पण पसरणारी ही गार हवा काही किलोमीटरवरच्या उबदार हवेखाली शिरून तिला वर ढकलते, आणि तिथे नवा ढग तयार होतो. वळीव गावे वगळत जातो असे वाटते, ते यामुळे. जुलैतला पाऊस शेकडो किलोमीटर पसरलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांशी जोडलेला असतो, म्हणून त्याची चाहूल काही दिवस आधी लागू शकते.

सकाळचा अंदाज म्हणूनच 'आज वातावरण वळवाला अनुकूल आहे' एवढेच सांगतो. ढग उभा राहिल्यावर डॉप्लर रडारला तो दिसतो आणि मग पुढच्या तीन तासांसाठी जिल्हावार इशारा देता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप आपल्या परिसरातल्या विजांची सूचना देते. शेवटचा अर्धा तास मात्र आपल्याच डोळ्या-कानांचा.

तो अर्धा तास शिक्षकांच्या हाती असतो. ही वादळे बहुधा दुपारी तीननंतर होतात, नेमकी शाळा सुटण्याच्या सुमारास. जूनच्या सुरुवातीला, आणि परतीच्या पावसात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटरमधले अंतर मिळते, हे गणित आपण वर्गात शिकवतो. पण 'अजून पाच किलोमीटर लांब आहे, तोवर मुले घरी पोचतील' असा त्याचा उपयोग मुळीच करू नये. पावसापासून दहा किलोमीटर दूरही वीज पडू शकते. गडगडाट ऐकू आला, की आपण तिच्या टप्प्यात आहोत. मुलांना झाडाखाली किंवा उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये नव्हे, पक्क्या इमारतीत घ्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबवावे. बस चुकली तरी चालेल.

अंदाजाची परीक्षा विद्यार्थ्यांनाही घेता येईल. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे. डब्याचे तोंड कितीही रुंद असले तरी मिलिमीटर तेच येतात; का, ते मुलांनाच शोधू द्यावे. २.५ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर तो 'पावसाचा दिवस'. शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीचा अंदाज जसाच्या तसा लिहावा. 'तुरळक'च्या वीस दिवसांपैकी आपल्याकडे तीन-चारच दिवस पाऊस झाला, तर त्यात वेधशाळेचे काही चुकले नाही. पाच-दहा किलोमीटरवरच्या एखाद्या शाळेने अशीच नोंद ठेवली तर दोन्ही तक्ते शेजारी मांडावेत, आणि ऑक्टोबरचे आकडे जास्त जुळतात की जुलैचे, ते पाहावे.