चाळीस दिवसांचे पुराण

भस्म बुधवार उजाडला की वसईतले लग्नाचे बँड गप्प होतात. आधीच्या रविवारपर्यंत नंदाखाल, निर्मळ, गिरिज, सांडोर, पापडी अशा साऱ्या धर्मग्रामांत मांडव उभे असतात, आणि बुधवारी सकाळी तीच माणसे कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरताना दिसतात. ही राख बाहेरून येत नाही. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित करून घरी नेलेली, वर्षभर वेदीमागे जपलेली झावळी चर्चमध्ये परत येते, जाळली जाते आणि कपाळी लागते. एका उपासकाळाचा शेवट पुढच्या उपासकाळाच्या आरंभाला असा जोडलेला असतो.

या काळाचे नियम वाचकांना ठाऊक आहेत, त्यामुळे ते थोडक्यात. भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत 46 दिवस, त्यातले सहा रविवार वजा केले की उरतात 40. भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार हे सक्तीच्या उपवासाचे दिवस, म्हणजे 18 ते 59 वर्षांच्या माणसाने एकदाच पोटभर जेवायचे. शुक्रवारी मांस वर्ज्य. पोप सहावे पॉल यांनी 1966 साली जुने कडक नियम सैल केले, पण वसईच्या अनेक घरांनी ती सूट मनापासून स्वीकारली नाही. तिथे आजही चाळीस दिवस मटण शिजत नाही, दारू घरात येत नाही, आणि काही वाड्यांत तर मासळीही बंद असते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने सुका बोंबीलही न भाजता दीड महिना काढणे केवढे कठीण, हे त्या किनाऱ्यावर राहिल्याशिवाय समजणार नाही. वाचलेले पैसे दानपेटीत जातात. कारितास इंडियाची भूक आणि रोगाविरुद्धची मोहीमही याच काळात चालते.

शुक्रवारची क्रुसाची वाट हा उपासकाळाचा कणा. तिची चौदा स्थाने पोप बारावे क्लेमेंट यांनी 1731 साली निश्चित केली. वसईत ही भक्ती चर्चच्या भिंतींत मावत नाही. वाडीवाडीच्या वेशीवर, विहिरीपाशी, बागायतीच्या बांधावर जुने क्रूस उभे आहेत, आणि संध्याकाळी लोक त्यांच्यापाशी थांबत, गुडघे टेकत, पुढे सरकत ही वाट चालतात. पाण्याचे पाट, केळीची पाने, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया आणि त्यांच्यामागे शाळेतून नुकतीच आलेली पोरे, सारे एका संथ चालीने पुढे जात असते.

अलीकडे ‘जिवंत’ क्रुसाच्या वाटेची टूम निघाली आहे. ट्रकवर ध्वनिवर्धक, रोमन सैनिकांचे चकचकीत शिरस्त्राण, अंगावर ओतलेला लाल रंग आणि वर घिरट्या घालणारा ड्रोन. तरुणांना यामुळे चर्चची ओढ लागते, असे या प्रयोगांचे पाठीराखे हिरिरीने सांगतात. तरुण येतात हे खरे. पण ते पाहायला येतात, आणि क्रुसाची वाट पाहण्याची नाही, चालण्याची आहे. चाबकाचा आवाज ध्वनिवर्धकातून आला की प्रार्थना ओठांवरच थांबते. प्रस्तुत लेखकाने हा मुद्दा धर्मग्रामाच्या बैठकांतून वर्षानुवर्षे मांडला आहे आणि पुढेही मांडणार आहे.

कारण याच किनाऱ्याजवळ दुःखसहनाची कथा सांगण्याचा याहून कितीतरी समर्थ असा एक प्रकार आहे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत विरून चालला आहे. तो म्हणजे पुराण.

ख्रिस्तपुराणाचे नाव सर्वांना माहीत असते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशुसंघीय 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला, आयुष्याची चाळीस वर्षे तिथेच राहिला, 1619 साली साष्टीत वारला. त्याचे पुराण 1616 साली रायतूरच्या छापखान्यात छापले गेले, नंतर 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा निघाले. पहिले पुराण 36 अवस्वरूंचे, म्हणजे अध्यायांचे, दुसरे 59 अवस्वरूंचे, मिळून 10,962 ओव्या. या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही, तरीही ग्रंथ जगला. तो जगला तो लोकांनी हाताने उतरवून काढला म्हणून. गोव्यातून कारवार-मंगळुरूकडे गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या वह्या सोबत नेल्या, आणि जोसेफ साळढाणा यांनी 1907 साली मंगळुरूला जी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांच्या आधारे. पुढे शांताराम बंडेलूंनी 1956 साली ते देवनागरीत आणले, कॅरिदाद द्रागो यांनी 1996 साली गद्य रूपांतरासह सिद्ध केले, फादर नेल्सन फलकाव यांनी त्यावर दीर्घ संशोधन केले. ही सारी मंडळी आपल्या कृतज्ञतेची धनी आहेत.

पण ख्रिस्तपुराणाचे मराठीत जे काही झाले आहे, त्याने या लेखकाचे मन विषण्ण होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि पुढच्या सभासमारंभांतून स्टीफन्सच्या मराठीस्तुतीच्या त्या चार-पाच ओव्या पुन्हा घुमू लागल्या. ओव्या सुंदर आहेत, यात वाद नाही. वाद आहे तो तिथेच थांबणाऱ्यांशी. साडेदहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ, आणि त्यातल्या मूठभर ओव्या काढून बाकीचा ग्रंथ कपाटात ठेवायचा, हा न्याय ज्ञानेश्वरीला कुणी लावला असता का? भाषेचे अभ्यासक त्याचा शब्दसंग्रह मोजतात, इतिहासाचे अभ्यासक धर्मांतराच्या संदर्भात त्याची चिकित्सा करतात. दोन्ही कामे व्हायला हवीत. पण दुसऱ्या पुराणाच्या उत्तरार्धात जैतुनाच्या बागेपासून पिलाताच्या वाड्यापर्यंत आणि तिथून गोलगोथ्याच्या टेकडीपर्यंत स्टीफन्स ज्या संथ, जड पावलांनी श्रोत्याला नेतो, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. ते लिहिण्यासाठी ते मोठ्याने म्हणावे लागते. एकनाथांचा हा समकालीन त्याच ग्रांथिक ओवीत लिहीत होता, आणि ती ओवी डोळ्यांनी वाचायची नसतेच. पहिले तीन चरण यमकात बांधले जातात, चौथा मोकळा सुटतो, आणि त्या सुटलेल्या चरणावर गाणाऱ्याला श्वास मिळतो, ऐकणाऱ्याला उसासा.

गोव्यात हे पुराण रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये लोकांना वाचून दाखवले जाई. पुढे राजसत्तेला लोकांची भाषा खुपू लागली. 1684 साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज धरण्याचे फर्मान काढले. फर्मानाने चर्चमधला आवाज बंद करता येतो, माजघरातला करता येत नाही.

उत्तर कोकणचे पुराण मात्र वेगळे, आणि त्याची उपेक्षा ख्रिस्तपुराणाहून शंभरपट अधिक. फ्रान्सिश्कु व्हाझ द गिमारांइश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने प्रभूच्या दुःखसहनावर मोठे ओवीबद्ध पुराण रचले. ते 1659 साली लिस्बनमध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्याची भाषा स्टीफन्सच्या घरंदाज ग्रांथिक मराठीसारखी नाही. ती मुंबई, साष्टी, वसईच्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडची, शेताच्या बांधावरची मराठी आहे. पंडितांनी तिला अशुद्ध म्हणून बाजूला सारले. पण ज्यांच्यासाठी हे पुराण रचले त्यांनी ते उचलले, आणि उपासकाळात घराघरांत गाइले. एखाद्या ग्रंथाची याहून मोठी परीक्षा कोणती?

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी ही परंपरा शेवटच्या घटका मोजत होती, पण होती. रात्रीची जेवणे आटोपली की ओटीवर कंदील येई. एक वयस्क बाई म्हणणार, बाकीच्या शेवटचा चरण उचलणार. पुस्तक समोर असे, पण ते उघडले जाई ते केवळ मान राखण्यासाठी. सारे तोंडपाठ होते. यहूदाच्या चुंबनाशी आवाज खाली येई, पेत्राच्या नकाराशी थोडा थांबे, आणि मरियेपाशी आल्यावर कुणीतरी हमखास पदराने डोळे पुसे. मुले मांडीवर झोपून जात, पण झोपेतही चाल कानांत उतरत असे. त्या बायांतल्या कितीतरी जणींना सही करता येत नव्हती, तरी संपूर्ण दुःखसहन त्यांच्या स्मरणात, त्यांच्या बोलीत, त्यांच्या चालीत होते. कोणत्या धर्मशिक्षण वर्गाने एवढे साधले आहे?

चर्चमधली उपासना तोवर लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेची दारे उघडली. वसईत मराठी मिस्सा आली, मराठी गीते आली. ‘सुवार्ता’ मासिकाने 1955 पासून वाचक घडवला होताच, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 1983 ते 2007 या काळात त्याचे संपादन करताना वसईच्या ख्रिस्ती माणसाला महाराष्ट्राच्या साहित्यव्यवहाराच्या मध्यभागी नेऊन बसवले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 साली आले, 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, जुलै 2024 मध्ये ते गेले. एवढे सारे मिळाले, आणि नेमक्या त्याच वर्षांत ओटीवरचे पुराण बंद पडले. चर्चमध्ये मराठी आल्यावर घरातल्या मराठीची गरज संपली, असे जणू सर्वांनी गृहीत धरले. सुधारणावादी मंडळींपैकी काहींनी तर हे पुराण जुनाट, रडके आणि परिषदेच्या भावनेशी विसंगत ठरवले. परिषदेने लोकभक्तीचा गौरव केला आहे. त्याच दस्तऐवजाचा तेरावा परिच्छेद उघडून पाहावा.

पवित्र आठवडाही त्याच दशकांत बदलला, आणि तो बदल मात्र उत्तम झाला. पोप बारावे पायस यांची सुधारणा 1956 च्या झावळ्यांच्या रविवारपासून लागू झाली. त्याआधी पुनरुत्थानाच्या जागरणाचा विधी शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात होई, आणि घंटा वाजल्या की दुपारपर्यंत उपासकाळ संपलेला असे. आता अंधार पडल्यावर चर्चबाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावरून पास्काची मेणबत्ती उजळते, तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात, आणि एकाच्या हातातली ज्योत दुसऱ्याकडे जात सारे देऊळ प्रकाशाने भरते. चाळीस दिवस न गाइलेले आलेलुया पुन्हा गाइले जाते. गुरुवारचे पाय धुणेही त्याच सुधारणेने लोकांसमोर, मिस्सेच्या आत आले, आणि पोप फ्रान्सिस यांच्या 2016 च्या आदेशानंतर त्यात स्त्रियांनाही स्थान मिळाले. शुक्रवारी वेदी उघडी असते, घंटेऐवजी लाकडी खटखटी वाजते, योहानाच्या शुभवर्तमानातले दुःखसहन वाचले जाते. पास्काच्या सणाच्या मेजवानीबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, इथे ते नको.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. अहमदनगरकडे शुभ शुक्रवारी दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचने होतात, आणि मधल्या जागा नारायण वामन टिळकांची भजने भरून काढतात. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ अर्धवट सोडले, लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वाला नेले. त्या मंडळ्यांनी मराठी भजनाची परंपरा टिकवली आहे, हे वसईकरांनी मोठ्या मनाने मान्य करावे.

आज वसईच्या मुलांचे शिक्षण इंग्रजीतून होते. क्रुसाच्या वाटेची पुस्तिका दरवर्षी नवी, कुणा समितीने घाईत तयार केलेली. तीत ‘ताणतणाव’ असतो, ‘सकारात्मकता’ असते, पण एकही ओळ पाठ होत नाही, कारण ती पाठ होण्यासाठी लिहिलेलीच नसते. तपसाधनेला बाहेरचे प्रभावी वक्ते येतात आणि हजारोंचा समुदाय जमतो. तिथून परतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसून काय म्हणावे, हे कुणी शिकवत नाही. 2020 साली पास्काचा सण 12 एप्रिलला आला तेव्हा चर्चची दारे बंद होती. घर हेच देऊळ झाले होते. त्या पवित्र आठवड्यात वसईच्या घरांत टीव्ही आणि मोबाइलच्या पडद्यावरची मिस्सा होती, आणि ती संपल्यावर शांतता होती. तीन पिढ्यांपूर्वी अशा रात्री भरून काढण्याचे साधन प्रत्येक वाडीत होते.

ते परत आणणे अवघड नाही. ख्रिस्तपुराण देवनागरीत छापलेले आहे. गिमारांइशचे पुराण रोमन लिपीत आणि पोर्तुगीज वर्णलेखनात आहे. त्यातला दुःखसहनाचा भाग देवनागरीत उतरवण्याचे काम धर्मप्रांताने हाती घ्यावे, आणि त्यासाठी बोली जाणणारी माणसे अजून हयात आहेत. ज्यांच्या कानांत जुन्या चाली आहेत अशा आजी-आजोबांचा आवाज आत्ताच ध्वनिमुद्रित करावा. सुरुवात पवित्र गुरुवारच्या रात्रीपासून करता येईल. त्या रात्री मिस्सेनंतर मध्यरात्रीपर्यंत प्रत्येक वाडी आपापल्या तासाला आराधनेला बसतेच, आणि बहुतेक ठिकाणी तो तास छापील प्रार्थनांवर कसाबसा पुरवला जातो. जैतुनाच्या बागेच्या ओव्या नेमक्या त्या तासाच्या आहेत. एका वाडीने बागेचा प्रसंग घ्यावा, दुसरीने यहूदाचा, तिसरीने पेत्राचा. शुक्रवारी संध्याकाळी गोलगोथ्याचा भाग, शनिवारी दुपारी थडग्याचा. चाल येत नसेल तर पहिल्या वर्षी नुसते संथ वाचावे, चौथ्या चरणाला थांबावे, आणि तो चरण सगळ्यांनी मिळून म्हणावा.