रिकाम्या बाटलीचे मोल

तहान भागली, बाटली रिकामी झाली की तिच्याशी आपला संबंध संपला, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. पाणी वा सरबत विकत घेताना आपण जी किंमत दिली ती आतील पेयाची. बाटली ही केवळ वेष्टन, आणि वेष्टन हे टाकून देण्यासाठीच असते, असा हा विचार आहे. पण तीच बाटली परत नेऊन दिल्यास रोख पैसे मिळतात असे जर कोणी सांगितले, तर ती फेकण्यासाठी उगारलेला हात मध्येच थांबेल. या थांबण्यात कोणते तत्त्व आहे, आणि ज्या देशांत त्यास कायद्याचे रूप मिळाले तेथे त्याचा परिणाम काय झाला, हे विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथमतः एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. घरी येणारा भंगारवाला रद्दी व बाटल्या घेऊन जे पैसे देतो ते मालाचे मोल होय. ज्या जिनसेस बाजारात भाव असेल तीच तो नेईल. जी फार हलकी, फुटकी वा मळकी असेल ती तो तेथेच ठेवील. अनामत ही गोष्ट याहून निराळी आहे. अनामत म्हणजे आपलेच पैसे. ते आपण दुकानदाराजवळ काही काळ ठेवतो आणि बाटली परत करताच ते परत घेतो. बाजारभाव चढो वा उतरो, अनामतीची रक्कम ठरलेली असते.

समजा, पाण्याच्या एका बाटलीची किंमत वीस रुपये असून तिजवर पाच रुपये अनामत ठरली आहे. दुकानदाराने माल घेताना हे पाच रुपये घाऊक व्यापाऱ्यास आधीच दिलेले असतात. ग्राहक दुकानदारास पंचवीस रुपये देतो, रिकामी बाटली परत आणून पाच रुपये घेतो, आणि दुकानदार ती बाटली व्यापाऱ्याच्या स्वाधीन करून आपले पाच रुपये वसूल करतो. हा फेरा पूर्ण झाला म्हणजे कोणाचीही एक पै बुडालेली नसते, व बाटली रस्त्यावर न पडता जेथून निघाली तेथे जाऊन पोहोचते. तोटा होतो तो केवळ बाटली फेकून देणाराचा. आणि त्याने फेकलेली बाटली जो उचलून आणील, त्यास ते पाच रुपये मिळतात.

ही कल्पना आपल्या लोकांस अगदीच नवीन आहे असे नव्हे. मुंबईतील पारशी व बोहरी समाजांत आढळणारे ‘बाटलीवाला’ हे आडनावच जुन्या बाटल्यांच्या व्यापाराची साक्ष देते. गोटी सोड्याची बाटली ही हायरम कॉड नामक इंग्रज गृहस्थाने १८७० नंतरच्या दशकात शोधून काढलेली युक्ती. ती दुकानातच पिऊन परत द्यावयाची हे सर्वांस ठाऊक असे. मुंबईच्या आरे दूधकेंद्रावर काचेची रिकामी बाटली दिल्यावाचून भरलेली मिळत नसे, हे वडील मंडळींस आठवत असेल. बाटली त्या काळी मौल्यवान होती, म्हणून ती परत मागितली जाई. पुढे पत्र्याचे डबे व प्लॅस्टिकच्या बाटल्या स्वस्त झाल्या. त्या परत आणून, धुऊन पुन्हा भरण्यापेक्षा नव्या करणे कारखानदारांस सोयीचे वाटू लागले. आणि उरलेल्या कचऱ्याचा भार गावावर पडला.

अमेरिकेतही हेच घडले. तेथे पॅसिफिक महासागराच्या काठी ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. त्याचा समुद्रकिनारा अतिशय रमणीय. पण १९६० नंतरच्या दशकात तेथे डबे व बाटल्या यांचा खच पडू लागला. रिचर्ड चेंबर्स नावाचा एक सामान्य गृहस्थ होता. हा ना मंत्री, ना धनिक; किनाऱ्यावरून व डोंगरांतून पायी हिंडण्याची व वाटेतील कचरा उचलण्याची त्यास आवड होती. आपण एकट्याने कितीही वेचले तरी हा कचरा हटणार नाही, हे जाणून त्याने १९६८ साली आपल्या भागातील प्रतिनिधीपुढे अनामतीच्या कायद्याची मागणी मांडली. १९६९ साली हे विधेयक फेटाळले गेले. पेये व डबे विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा त्यास कडवा विरोध होता. तथापि लोकांनी पिच्छा सोडला नाही, राज्याचे गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी पाठिंबा दिला, आणि १९७१ साली कायदा संमत होऊन १ ऑक्टोबर १९७२ पासून अमलात आला. अशा प्रकारचा अमेरिकेतील हा पहिलाच कायदा होय.

या कायद्याने प्रत्येक डब्यावर व बाटलीवर पाच सेंट अनामत ठरविली. पण निरनिराळ्या कारखान्यांस पुन्हा भरता येईल अशा ठरावीक घडणीच्या बाटलीवर ती केवळ दोन सेंट ठेविली, जेणेकरून पुनः पुन्हा वापरण्याजोगी बाटली लोकांनी पसंत करावी. डब्याचे तोंड उघडताना तुटून निघणाऱ्या व वाळूत पडून अनवाणी पाय कापणाऱ्या कड्यांवरही बंदी आली. परिणाम लवकरच दिसून आला. कायद्यापूर्वी रस्त्याकडेच्या कचऱ्यात पेयांच्या डब्याबाटल्यांचा भाग सुमारे चाळीस टक्के असे. १९७९ पर्यंत तो सहा टक्क्यांवर आला.

परंतु या इतिहासाचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. पाच सेंटांची ती अनामत तब्बल ४५ वर्षे तितकीच राहिली. दरम्यान महागाई वाढत गेली. १९७२ साली पाच सेंटांत जे येई ते पुढे येईनासे झाले. आणि एवढ्यासाठी कोण खेप घालतो, असे लोक म्हणू लागले. परत येणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण घटत घटत ६४ टक्क्यांच्या आसपास आले. तेव्हा १ एप्रिल २०१७ पासून अनामत दहा सेंट करण्यात आली, आणि दोनतीन वर्षांत ते प्रमाण पुन्हा ऐंशी टक्क्यांच्या वर चढले. माणसे तीच, बाटल्या त्याच. बदलली ती केवळ रक्कम. यावरून असे दिसते की, चांगली सवय लावण्यास उपदेश पाहिजे हे खरे, पण व्यवस्थाही तितकीच शहाणपणाची पाहिजे. जर्मनीत २००३ सालापासून एकदाच वापरावयाच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत आहे, आणि तेथे शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक बाटल्या परत येतात.

परत आलेल्या बाटल्या मोजण्यासाठी यंत्रे निघाली आहेत. नॉर्वे देशात १९७२ साली प्लांके नामक दोघा बंधूंनी या यंत्रांचा कारखाना काढला. आजची यंत्रे बाटलीचा आकार, वजन व तिजवरील रेघांची खूण तपासतात आणि रकमेची चिठ्ठी बाहेर टाकतात. ती दाखविली की दुकानात रोख पैसे मिळतात. ऑरेगॉनमध्ये ठरावीक पिशव्या भरून केंद्रावर ठेवण्याचीही सोय आहे. काही पिशव्यांचे पैसे परस्पर धर्मादाय संस्थांच्या खात्यांत जमा होतात; अशा रीतीने टाकाऊ समजलेल्या वस्तूंतून परोपकारास हातभार लागतो.

जमा झालेल्या मालाचे पुढे काय होते, तेही सांगितले पाहिजे. जाड काचेची बाटली धुऊन पुष्कळ वेळा पुन्हा भरता येते. जी फुटते तिचा चुरा वाळू, सोडा व चुनखडी यांबरोबर भट्टीत घालतात. हा चुरा कच्च्या मालाहून कमी उष्णतेत वितळत असल्यामुळे इंधन वाचते. अ‍ॅल्युमिनियमचा डबा वितळवून त्याचा पुन्हा पत्रा करण्यास, खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के कमी शक्ती लागते. प्लॅस्टिकच्या बाटलीपासून कापडाचे तंतू किंवा पुन्हा बाटल्याच करता येतात. मात्र माल वेगळा व स्वच्छ मिळाला पाहिजे. उकिरड्यातून उचललेली बाटली आणि परत आणून दिलेली बाटली यांच्या किमतीत फरक पडतो तो याचमुळे.

आपल्या देशातही याचे प्रयोग झाले आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२२ साली निलगिरीच्या डोंगरांत मद्याच्या प्रत्येक बाटलीवर दहा रुपये अनामत बसली. कारण फुटक्या काचांनी रानातील हत्तींचे पाय जायबंदी होत होते. मद्यपान त्याज्यच आहे. पण एकाच्या व्यसनाची शिक्षा मुक्या प्राण्याने का भोगावी? त्याच वर्षी केदारनाथाच्या यात्रामार्गावर प्लॅस्टिकच्या बाटल्यांस दहा रुपयांची अनामत लावण्यात आली. गोव्याच्या सरकारने २०२४ साली अशा योजनेची अधिसूचना काढली. महाराष्ट्रातही २०१८ सालच्या प्लॅस्टिकविषयक नियमांत बाटलीवर परतीची किंमत छापण्याची तरतूद होती. परंतु बाटली घेऊन जावे कोठे, ही सोय गावोगाव उभी न राहिल्यामुळे छापील अक्षरांचा लोकांस फारसा उपयोग झाला नाही. बाटली परत घेणारा जवळ नसेल, तर अनामत ही ग्राहकावर निव्वळ पट्टी होऊन बसेल.

येथे एक प्रश्न आमच्या मनास विशेष लागून राहतो. आपल्या शहरांत हजारो भगिनी उन्हापावसात कचरा वेचून पोट भरतात. पुण्यात १९९३ साली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, आणि त्यांच्या श्रमास काही प्रतिष्ठा आली. उद्या सर्व बाटल्या घराघरांतून थेट यंत्रांत जाऊ लागल्या, तर या भगिनींच्या झोळीत काय पडेल? उलटपक्षी, गोळा करणे, मोजणे व केंद्र चालविणे ही कामे त्यांच्याकडेच सोपविली, तर प्रत्येक बाटलीमागे त्यांस ठरीव रक्कम मिळेल, व भावाच्या चढउतारापासून त्यांचे रक्षण होईल. जर्मनीतही गरीब वृद्ध माणसे बाटल्या वेचून चार पैसे मिळवितात. म्हणून कित्येक नागरिक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या बाहेर कडेस ठेवतात, जेणेकरून कोणास घाणीत हात घालावा लागू नये. ज्या योजनेत दुर्बलाचा घास जाईल, ती कितीही स्वच्छ दिसली तरी न्याय्य म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणाची. अमेरिकेत काही राज्यांत अनामत आहे, काहींत नाही. काही माणसे अनामत नसलेल्या राज्यातील डबे गाड्या भरभरून शेजारच्या राज्यात नेतात व तेथे पैसे उकळतात. मिशिगन राज्यात हा गुन्हा ठरविलेला आहे. जी ठेव आपण कधी ठेविलीच नाही ती परत मागणे म्हणजे दुसऱ्याच्या पेटीत हात घालणे होय. चांगल्या योजनेस भ्रष्ट करावयास थोडासा लोभ पुरे होतो.

पाच भाकरींनी पाच सहस्रांस तृप्त केल्यावर आपल्या प्रभूने शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, आणि बारा टोपल्या भरल्या, ही कथा आमच्या शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. ज्याच्या हाती विपुलता निर्माण करण्याचे सामर्थ्य होते त्यानेच काही वाया जाऊ दिले नाही. मग ज्यांस एक वाळूचा कणही निर्माण करता येत नाही अशा आपण उधळेपणा करावा, हे शोभते काय?

यास्तव, विद्यार्थ्यांनो, कायद्याची वाट न पाहता आजपासून इतके करा. घरातील बाटल्या धुऊन, झाकण लावून निराळ्या ठेवा. फुटकी काच कागदात गुंडाळून तशी खूण करून द्या, म्हणजे वेचणारीचा हात कापणार नाही. आणि दाराशी येणाऱ्या भंगारवाल्या काकांशी व वेचणाऱ्या मावशींशी आदराने बोला. पालकांस आमची विनंती अशी की, बाटल्यांचे जे पैसे येतील त्यांचा हिशेब मुलांच्याच हाती द्यावा. रक्कम लहान असेल. पण आपण घेतलेली वस्तू आपणच जेथल्या तेथे पोहोचती करावयाची, हा धडा त्यांस जन्मभर पुरेल.