महिन्यांची नावे, नक्षत्रे आणि ज्वारीची पेरणी

चुडावा (ता. पूर्णा) असो की शेजारचा कोणताही शिवार, घट बसल्यावर रब्बी ज्वारी पेरायची असा हिशेब अनेक शेतकरी बांधव करतात. परंतु घटस्थापना सन २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला आली, तर सन २०२० मध्ये १७ ऑक्टोबरला. कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पेरणीची शिफारशीत वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही आहे. तिथी एकच, पण एका वर्षी पेरणी वेळेवर व दुसऱ्या वर्षी उशिरा! याचे कारण आपल्या महिन्यांच्या रचनेत आहे.

आपले महिने चंद्रावर आधारलेले आहेत. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याला नाव मिळाले. चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, कृत्तिकेवरून कार्तिक, मघेवरून माघ. मार्गशीर्ष हे नाव मृगशीर्ष नक्षत्राचे. या महिन्याचे जुने नाव आग्रहायण, म्हणजे वर्षाच्या अग्रभागी येणारा. त्यावरून कधीकाळी वर्षारंभ तेथून धरीत असावेत असे दिसते. इंग्रजी महिन्यांतही अशी खूण उरली आहे. सप्टेंबर म्हणजे सातवा व डिसेंबर म्हणजे दहावा, कारण रोमन लोकांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होई.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. मृगावरून मार्गशीर्ष, तर मग मृगाचा पाऊस जूनमध्ये कसा? उत्तर सोपे आहे. महिन्याचे नक्षत्र चंद्राचे, पावसाचे नक्षत्र सूर्याचे. पौर्णिमेला चंद्र व सूर्य आकाशात समोरासमोर असतात. म्हणून चंद्र मृगात पूर्ण होतो तो साधारण डिसेंबरात, आणि सूर्य मृगात येतो तो सहा महिने आधी, ७-८ जूनला. सूर्य एका नक्षत्रात सुमारे १३ ते १४ दिवस राहतो. त्यामुळे मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच येतात. अर्थात मृग लागला म्हणजे पेरणीयोग्य पाऊस झाला असे नव्हे. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये.

चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी. सण दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात. ही तूट साधारण ३२-३३ महिन्यांत एका महिन्याएवढी होते. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक मास धरला जातो व पुढचे सण एकदम पुढे ढकलले जातात. हिजरी वर्षात अधिक मास नसल्याने रमजान सर्व ऋतूंतून फिरतो.

घटस्थापना सन २०२२ मध्ये २६ सप्टेंबरला होती. सन २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती १५ ऑक्टोबरला गेली. सन २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती ११ ऑक्टोबरला येते, म्हणजे शिफारशीत मुदतीचे जेमतेम चार दिवस उरतात. तोवर पावसाने उघडीप दिली तर वरच्या थरातील ओल उडून जाते, उगवण विरळ होते व पुढे दाणे भरताना ताण बसतो.

तेव्हा घटाऐवजी नक्षत्र धरावे. उत्तरा सुमारे १३ सप्टेंबरला, हस्त २७ सप्टेंबरला व चित्रा १० ऑक्टोबरला लागते. उत्तरा आणि हस्त या दोन नक्षत्रांत, जमिनीत ओल पाहून, कोरडवाहू ज्वारीची पेरणी उरकावी.